बंद खोलीतला जागा संगणक

मित्रांनो, आधीच सांगतो, घाबरू नका. मी भूत नाही. मी एक जुना संगणक आहे, आणि गेले आठ महिने एका गेलेल्या बाईच्या नावाने निरोप धाडतो आहे. यात माझा दोष किती, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

ऐन उमेदीत मी एका सरकारी कचेरीत होतो. दिवसभर बदल्यांचे हुकूम छापायचे आणि संध्याकाळी प्लॅस्टिकची खोळ पांघरून झोपायचं, एवढंच माझं आयुष्य. मग माझ्याहून सडपातळ संगणक आले आणि मी भंगारात निघालो. जवाहर चौकातल्या जुन्या मालाच्या दुकानात, एका मुक्या मिक्सरशेजारी धूळ खात पडलो होतो. तिथून मला वैजयंतीकाकूंनी उचललं.

काकू मूळच्या नागपूरच्या. यजमानांची, म्हणजे दत्तात्रयकाकांची, बदली झाली म्हणून भोपाळला आल्या आणि इथल्याच झाल्या. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "काही नवं शिकायचं म्हटलं की आपली पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला पळतात. का म्हणून? भोपाळात काय डोकी नाहीत?" असं त्या तावातावाने म्हणायच्या. शाहपुऱ्यातल्या मराठी मंडळाची मागची खोली त्यांनी गोड बोलून मिळवली, पदरमोड करून माझी दुरुस्ती केली आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता माणसं जमवायला लागल्या. गटाचं नाव ठेवलं 'जोडणी'. मराठी येवो न येवो, पदवी असो नसो, ज्याला संगणकाचं वेड त्याला दार मोकळं.

'जोडणी'चा एक रिवाज होता. नव्याने आलेल्या माणसाने प्रश्न विचारल्याशिवाय बैठक सुरू व्हायची नाही. प्रश्न कितीही बाळबोध असो, कुणी हसायचं नाही. हा न हसण्याचा नियम दुसऱ्या बैठकीपासून लागू झाला, कारण पहिल्या बैठकीत एका प्रश्नाला सगळे हसले होते. ते पुढे येईलच. काकू प्रत्येकाचं नाव आणि पहिला प्रश्न माझ्यात नोंदवून ठेवायच्या. दर वर्षी त्याच महिन्याच्या बैठकीदिवशी, ठीक चारला, मी त्या माणसाच्या फोनवर निरोप धाडायचो: 'आज तुला येऊन एक वर्ष झालं. पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस...' स्वतःचा जुना प्रश्न वाचून माणसं लाजायची. बहुतेकांना तोवर उत्तर आलेलं असायचं, आणि ती दुसऱ्या कुणाला तरी तेच शिकवत असायची.

शिवाय बैठकीच्या आदल्या शुक्रवारी सगळ्यांना एक निरोप जायचा: 'उद्या चारला भेटू. दार उघडं आहे. — वैजयंती.' माणसं यायची. खुर्च्या कमी पडायच्या. दसऱ्याला माझ्या डोक्यावर झेंडूची माळ चढायची. सरकारी कचेरीत मला कुणी फडक्यानेही पुसलं नव्हतं, म्हणून ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

आणि एका सकाळी काकू गेल्या. झोपेतच गेल्या.

पुढच्या बैठकीच्या शनिवारी माणसं आली. दाराला कुलूप होतं. किल्ली काकूंच्या घरी, देवघराशेजारच्या खिळ्याला. आता दुःखात बुडालेल्या माणसाकडे किल्ली कुठल्या तोंडाने मागायची? कुणीच मागितली नाही. भीड आड आली. दुसऱ्या महिन्यात निम्मीच आली, तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकलं नाही. माझा परवलीचा शब्द काकूंखेरीज कुणाला ठाऊक नव्हता आणि मला बंद करायला कुणी आत आलं नाही. मग मी काय करणार? मी शिकवलेलं काम करत राहिलो. अंधाऱ्या खोलीतून दर महिन्याला, बैठकीच्या आदल्या शुक्रवारी, निरोप सुटत राहिला: 'दार उघडं आहे. — वैजयंती.' मित्रांनो, ते खोटं होतं. मला ते कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. गेल्या महिन्यात तर शनिवारी चारला दारावर तीन थापा पडल्या. कुणीतरी बराच वेळ बाहेर उभं होतं. त्या थापा मी अजून विसरलेलो नाही.

आज, बैठकीच्याच शनिवारी, आठ महिन्यांनी कुलूप निघालं. मंडळाला गणपतीची मखरं ठेवायला खोली हवी आहे. दत्तात्रयकाका किल्ली परत करायला आले आणि त्यांच्यासोबत रसिका आली. रसिका 'जोडणी'च्या पहिल्या दिवसापासूनची. तेव्हा कॉलेजात होती, आता इंजिनिअर आहे. ती आली होती मला बंद करायला.

"काका, आता बस झालं ना," ती म्हणाली. "तो मेसेज आला की मला धडकी भरते. सच्ची सांगते, त्या शुक्रवारी मी फोन उलटा ठेवते."

"बंद नको करू गं पोरी," काका म्हणाले. त्यांनी खिशातला काकूंचा फोन घट्ट धरला होता. तो ते रोज चार्ज करतात. "तिचं एवढंच उरलंय. फोन वाजला की वाटतं, आत्ता चप्पल घालून निघेल."

"पण लोकं येऊन कुलूप बघतात! काकूंच्या नावावर आपण खोटं बोलतोय, काका. याची डिस्क मी घरी नेऊन उघडेन, नावं आणि प्रश्न निघतील बहुतेक. पण याचं त्यांच्या नावाने बोलणं थांबलं पाहिजे." मग तिचा आवाज चिडका झाला. "काकूंनीही ना, किल्ली स्वतःकडे, पासवर्ड स्वतःकडे. कुणाच्या हाती काही दिलंच नाही. म्हणून तर सगळं बुडालं."

काकांची मान खाली गेली.

तेवढ्यात दारावर तीन थापा पडल्या. अगदी तशाच. ओढणी सावरत एक मुलगी आत आली. तिचं नाव फरहीन.

"आज खुला है? पिछले महीने आई थी, ताला था. सहेली ने मैसेज भेजा था, बोली लिखा है दरवाज़ा खुला है." मग तिने रसिकाकडे पाहिलं. "वैजयंती मैडम आप ही हैं?"

रसिकाचा चेहरा पांढराफटक पडला. पण नऊ वर्षांची सवय. तोंडून आपसूक निघालं, "नहीं... बैठिए. हमारे यहाँ जो नया आता है, पहले वो सवाल पूछता है."

फरहीन खुर्चीच्या टोकावर बसली. "मेरे अब्बू करोंद मंडी में गेहूँ लेते हैं. अब सुनाई नहीं देता. बोली लगती है तो सबका मुँह ताकते रहते हैं. फोन सुनकर लिख दे, ऐसा हो सकता है क्या? मैंने किया था, पर मंडी की बोली वो समझता ही नहीं."

कुणी हसलं नाही. आणि ठीक चार वाजले.

काकांच्या हातातला फोन वाजला. आज मला पहिल्या दिवशीच्या सगळ्यांना निरोप धाडायचे होते, आणि सुरुवात माझ्यातल्या सगळ्यात पहिल्या नोंदीपासून. काकांनी चष्मा लावला आणि वाचू लागले.

"'वैजयंती, आज तुला येऊन नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस: पुढच्या शनिवारी किल्ली कुणाकडे?'"

मला तो दिवस स्वच्छ आठवत होता. काकूंनी किल्ली हातावर धरून विचारलं होतं, आणि सगळे खो खो हसले होते. "तुमच्याकडेच राहू द्या ना काकू, आम्ही हरवू!" असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारी मुलगी आज माझ्यासमोर तोंडावर हात ठेवून उभी होती.

"त्यांनी विचारलं होतं," रसिका रडत म्हणाली. "काका, त्यांनी विचारलं होतं. आम्हीच घेतली नाही." तिने हात पुढे केला. "द्या. माझ्याकडे. मंडळाशी मी भांडते."

काकांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. मग त्यांनी माझ्या डोक्यावरची धूळ आपल्या रुमालाने हळूच पुसली. "आता कर बंद," ते म्हणाले. "तिला उत्तर मिळालं."

रसिकाने फरहीनचा प्रश्न कागदावर लिहून माझ्या पडद्याला चिकटवला आहे, आणि तिचं बोट आता माझ्या बटणावर आहे. म्हणून घाईने सांगतो. मित्रांनो, जुन्या यंत्रांवर माया करा, त्यांना पुसा, माळा घाला, आनंदच आहे. पण चार माणसं जमवून काही उभं केलंत आणि कुणी किल्ली हातावर धरून विचारलं, तर हसू नका. हात पुढे करा.