तणसाचं वासरू

पोत्याचं तोंड सोडून सुरेंद्रने आतलं वासरू बाहेर काढलं आणि कोठ्यात टिकली गाईपासून जरा लांब उभं केलं. काटक्यांचे चार पाय, पोटात कोंबलेलं भाताचं तणस, डोळ्यांच्या जागी सुतळीने शिवलेल्या दोन चिरा.

“हे कोनाचं रे?” धुरपताने विचारलं.

“चिमूरकडचं हाय, बाई. मेलं होतं एकाचं. टिकलीपुढं ठेवून पाहू. सोडन दूध.”

धुरपताला हसू आलं. युक्ती जुनीच होती, दोघांच्या आईनेही केलेली. वासरू दगावलं की त्याच्या कातड्यात तणस भरायचं आणि मायपुढे ठेवायचं. ती बिचारी चाटत राहते आणि माणूस आपला दुधाचा गंज भरून घेतो. पण त्याला कातडं तिच्या पोटच्याचंच लागतं.

“कालेजात शिकून येडा झाला का? दुसऱ्याच्या लेकराले भुलन का ते?”

“मीठ चोळू थोडं. चाटन मंग.”

गावात एवढा शिकलेला तो एकटाच. वासरात लंगडी गाय शहाणी, असं धुरपता त्याला चारचौघांत चिडवायची, आणि आतून तिला या धाकट्या भावाचा फार अभिमान होता. मोहर्लीच्या वाटेवर एका कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं तेव्हा त्यालाच तिथे नोकरी लागली. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झालेला रानबैल तिथे पुन्हा जन्माला घालणार होते. जुन्या हाडांतून त्याची जनुकं शोधायची, बीज तयार करायचं आणि ते साध्या गाईच्या पोटात वाढवायचं, असं ते काम.

टिकलीला मागायला तो आला तेव्हा धुरपताने त्याला सरळ विचारलं होतं, “गेलेल्याले कायले उठवता रे?”

“मानसाईनंच संपवले ते, बाई. मानसाईनंच परत आणले तं पाप फिटन.”

“अन् वासरू?”

“मायजवळच राहीन. दूध तुटेपर्यंत. गळ्याशपथ.”

तसं झालं नाही. टिकली केंद्रातच व्याली, चिकाचे दिवस तिथेच राहिली आणि एकटी परत आली. साहेब लोक ऐकत नाहीत, सुरेंद्र म्हणाला. पण रोज यायचा, वासरासाठी दूध न्यायचा आणि मोबाइलवर फोटो दाखवायचा. घोंगडीत गुंडाळलेलं, बाटली चोखणारं तांबूस तोंड. धुरपता काचेवरून बोट फिरवायची. माझ्या गाईने मेलेली जात जिती केली, असं ती गावभर सांगत सुटली होती.

गेल्या आठवड्यापासून मात्र टिकली पान्हा चोरत होती. कासेला हात लावला की लाथ. रिकामा कॅन घेऊन परत जाताना सुरेंद्रचं तोंड एवढंसं व्हायचं. वासराला दुसरं दूध पचत नाही, म्हणायचा.

आता तो मिठाची पुडी सोडत होता, तेवढ्यात टिकलीने मान वर केली. तिच्या नाकपुड्या फुलल्या. दाव्याला हिसडा देत ती पुढे झाली आणि घशातल्या घशात हुंकारली. परक्या वासरासाठी कोणतीही गाय असा आवाज काढत नाही. मग ती चाटू लागली, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि तिच्या सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं.

पुडी सुरेंद्रच्या हातातच राहिली.

धुरपता खाली बसली. गुडघ्यांत गंज धरून तिने धार काढायला घेतली, कारण दूध मातीत जाताना तिला बघवेना. वर न पाहताच तिने विचारलं,

“कधी मेलं?”

“बाई...”

“कधी?”

“दिवाळीत. दमच धरत नव्हतं. फुप्फुसं कच्ची होती म्हणत साहेब.”

“अन् फोटो?”

“दुसऱ्याचे. आणखी एका गाईले झालं ते. ती गाय मेली वेतातच.” त्याचा आवाज खाली गेला. “ते जितं हाय, बाई. टिकलीच्या दुधावरच जगून राह्यलं. तुले खरं सांगतलं असतं तं तू दूध देल्लं असतं का?”

“अन् याचं कातडं?”

“मीठ लावून ठेवलं होतं. काचेच्या पेटीत ठेवणार हायेत, लोकाईले पाहाले. तोवर मी मागून आणलं.”

केसाने गळा कापतात म्हणतात तो असा, आणि कापणारा पाठचा भाऊ. वासरू गेल्याचं दुःख धुरपताने गिळलं असतं. जित्राबांची पिल्लं कधी जगतात, कधी जातात. पण ती रोज त्या वासराची विचारपूस करायची आणि “आज दोन बाटल्या पेलं, बाई,” असं सांगताना याची जीभ एकदाही अडखळली नव्हती. तिला संताप अनावर झाला.

धार संपवून ती उठली आणि तिने कातडं काखेत मारलं.

“हे नाई राहाचं इथी. माह्या गाईले असं फसवाचं नाई.”

ती दारापर्यंत पोचली असेल नसेल, टिकलीने हंबरडा फोडला. दावं गळ्यात रुतेपर्यंत ती ओढत राहिली, पुढचे पाय आपटत राहिली. धुरपता परत फिरली. कातडं टिकलीच्या तोंडापुढे टेकवलं, कललेली काटकी सरळ केली. टिकली शांत झाली आणि पुन्हा चाटू लागली.

सुरेंद्रचा जीव भांड्यात पडला.

“पाह्य, बाई. मीबी असंच केलं. तुले तरास होऊ नाई म्हणून.”

धुरपताने गंजातलं सगळं दूध त्याच्या कॅनमध्ये ओतलं, झाकण घट्ट बसवलं आणि कॅन त्याच्या हातात दिला.

“जाय. ते पोर उपाशी असन,” ती म्हणाली. “पण टिकली गाय हाय, सुरेंद्र. मी तुही बहीण होती.”