गोड्या टाक्यातला खारा चिखल

मी एक जुने टाके आहे. नक्की किती जुने, ते मला विचारू नका मित्रांनो. मला पाहायला येणारी शिकलेली माणसे माझ्या काठावर उभी राहून त्यावर भांडतात. कोणी दोन हजार वर्षे म्हणतो, कोणी शंभर वर्षे कमी करतो. मी ऐकत राहते. म्हातारीच्या वयावरून भांडण्यात काय अर्थ आहे?

रोह्याजवळच्या खांब गावाच्या अंगाला जो डोंगर आहे, त्याच्या कड्यात एक लेणे कोरलेले आहे आणि लेण्याला लागूनच मी आहे. ज्यांनी लेणे कोरले त्यांनीच मला कोरले. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना बारमाही पाणी हवे होते, म्हणून पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडला. कड्यावरचे पावसाचे पाणी माझ्यात उतरते. मी भरले की जादा पाणी पलीकडच्या पन्हळीतून डोंगराखाली निघून जाते. ही पन्हळ फार महत्त्वाची आहे, हे लक्षात ठेवा. कारण माझ्यात आणि लेण्यात फक्त हातभर जाडीची भिंत आहे आणि त्या भिंतीत वरच्या बाजूला एक भेग आहे. पन्हळ मोकळी असली की पाणी भेगेपर्यंत चढतच नाही. पन्हळ तुंबली, की ते भिंतीतून पाझरून लेण्यात जाते.

त्या भिंतीच्या लेण्याकडच्या अंगाला एक बाई कोरलेली होती. कमरेवर हात, कानात मोठी कुंडले, आणि चेहऱ्यावर थोडेसे हसू. ती कोण होती हे पंडितांना कळले नाही. पायथ्याच्या वाडीतल्या बायका मात्र तिला सवाशीण म्हणत. लग्न ठरले, बाळ झाले, की तिच्यापुढे हळदीचे बोट टेकून जात.

भिक्षू गेले, शतके गेली, पण माझी काळजी घेणारे कोणी ना कोणी राहिले. वाडीतले शेतकरी आणि मोहल्ल्यातले मुसलमान, दोघेही माझेच पाणी पीत. दरवर्षी वैशाखात पाणी गुडघ्याएवढे उरले की टाके उपसायचा दिवस ठरे. पुरुष घमेल्यांनी गाळ वर काढत, बायका पन्हळ खरवडून साफ करीत. आणि एक रीत होती. त्या वर्षी गावात आलेल्या नव्या सुनेने, मग ती वाडीची असो की मोहल्ल्याची, माझ्या तळाशी उतरायचे आणि शेवटचे घमेले तिने भरायचे. जिला तळ ठाऊक नाही तिने पाणी भरू नये, असे म्हाताऱ्या म्हणत.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील. त्या वैशाखात दोन सुना एकदम उतरल्या. वाडीतली बायजा आणि मोहल्ल्यातली हमिदा. बायजाचा पाय शेवाळावरून सरकला आणि ती बदकन गाळात बसली. हमिदा इतकी हसली, इतकी हसली, की वरून तिच्या सासूने हाक मारली, "गो हमिदा, दात मोजून घे, एखादा टाक्यात पडंल!" त्या दिवसापासून त्या दोघी मैत्रिणी झाल्या. पुढे बायजाबाईला मुलगा झाला, महिपती. त्याच्या बारशाला माझेच पाणी नेले होते.

मग एके दिवशी साहेब आले. त्यांच्याबरोबर निळा फलक आला. हे स्मारक संरक्षित आहे, याला इजा करणाऱ्यास शिक्षा होईल, असे त्यावर लिहिले होते. साहेबांनी वाडीतल्या लोकांना गोळा केले आणि म्हणाले, "आजपासून याची काळजी सरकार घेईल. तुम्ही निश्चिंत राहा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, खरे सांगते, मलाही अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या.

राखणदार म्हणून वाडीतलाच माणूस नेमायचा होता. महिपती सातवी शिकला होता. त्याला खाकी गणवेश आणि शिट्टी मिळाली. बायजाबाईने वाडीत गूळ वाटला. तिला वाटले, टाके घरातच राहिले.

पुढच्या वैशाखात ती घमेले घेऊन, हमिदाला आणि बायकांना घेऊन वर आली. तोवर माझ्याभोवती तारेचे कुंपण झाले होते आणि दारात तिचा महिपती उभा होता.

"आये, आत येऊ नको," तो म्हणाला. "गाळ काढायची मनाई हाय."

"मनाई? आन् टाका कोन उपसनार?"

"साहेब बोलले, गाळातपन इतिहास असतो. शहरातनं माणसं येतील, थर बघतील, मग काढतील. तोवर कुणी हात लावायचा नाय. पन्हळीलासुदिक नाय."

"मेल्या, तुज्या बारशाचा पाणी हितलाच व्हता," बायजाबाई म्हणाली. पण पोराची नोकरी नवी होती. ती रिकामे घमेले घेऊन उतरली.

शहरातली माणसे आली नाहीत. साहेबांचे म्हणणे खोटे नव्हते. गाळात खरेच जुनी खापरे असतात, मण्यांचे तुकडे असतात, ते फावड्याने उपसून शेतात टाकायचे नसतात. पण मग ज्यांना ते जपून काढता येते त्यांनी यायला नको का? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली. पाच-सहा पावसाळ्यांत पन्हळ मातीने, पाल्याने आणि सहलीला येणाऱ्यांच्या बाटल्यांनी बुजून गेली. वाडीत नळ आला. ज्यांच्या सात पिढ्या माझ्या पाण्यावर वाढल्या, त्यांची पोरे कुंपणाबाहेरून माझ्यात दगड टाकून कोणाचा आवाज मोठा येतो ते पाहू लागली. मला राग येई. अजूनही येतो. एकटी बायजाबाई दर मंगळवारी वर येई. टाक्याकडे यायला तिला बंदी होती, पण लेण्यात सगळ्यांनाच जाता येत असे. ती सवाशिणीसमोर बसे आणि भिंतीला हात लावून बघे.

कोलाडला कोकण रेल्वेचे रूळ पडू लागले त्या सुमाराची गोष्ट. एका पावसाळ्यात पाणी भेगेपर्यंत चढले आणि सवाशिणीच्या खांद्यावर ओल आली. महिपतीने रोह्याला जाऊन फोन केला, अर्ज दिला. प्रस्ताव पाठवला आहे, असे उत्तर आले. पुढल्या वर्षी ओल तिच्या गळ्यापर्यंत आली आणि त्यातच मोठे साहेब पाहणीला येणार असल्याची बातमी आली. महिपतीचे धाबे दणाणले. राखणदारीत कसूर केली म्हणून काढून टाकतील, हेच एक त्याच्या डोक्यात.

त्याचे सासरे जगन पाहुणे म्हणून आले होते. पेणच्या खाडीकाठचा हा माणूस, सारा जन्म मिठागरात गेलेला. मिठागराच्या वाफ्यांचा तळ कसा करतात ठाऊक आहे? खाडीचा चिखल पसरून तो पायांनी तुडवतात, दिवसचे दिवस तुडवतात, मग त्यातून पाण्याचा थेंब खाली जात नाही. जगनने माझ्या भेगेत बोट घालून पाहिले आणि हसला.

"जावयबापू, येवढ्यासाठी रडता? आमच्या खाडीचा चिखल आना. बांध फुटल तं बोला मना."

पन्हळ मोकळी केली असती तर दोन दिवसांचे काम होते. पण पन्हळीत खणणे म्हणजे नियम मोडणे. भेगेत चिखल भरण्याबद्दल फलकावर काही लिहिले नव्हते. महिपतीला ही पळवाट बरी वाटली. त्या उन्हाळ्यात माझे पाणी खाली गेले तेव्हा पेणजवळच्या रामवाडीहून टेम्पो आला, गोणी भरभरून काळा, चिकट चिखल आला. सासरा-जावई भर दुपारी माझ्यात उतरले. त्यांनी भेग भरली, भिंत लिंपली, तळाच्या कडेला चिखल टाकून पायांनी तुडवला. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते. आपल्याला जे सर्वांत चांगले येते तेच त्यांनी माझ्यासाठी केले.

पण मित्रांनो, मी गोड्या पाण्याचे टाके. पहिल्या सरी पडल्या आणि माझ्या पाण्याला चव आली. खारट. मला कळले, पण कळून काय उपयोग? दगडाला तोंड कुठे असते?

त्या पावसाळ्यात भिंत वरवर ठणठणीत कोरडी दिसली. मोठे साहेब आले, खूश झाले. महिपतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "राखणदार असावा तर असा."

दिवाळी सरली आणि सवाशिणीच्या गालावर पांढरी लव दिसू लागली. चिखलातले मीठ पाण्याबरोबर दगडात शिरले होते. दगड सुकू लागला तसे ते पुढे येऊन फुलत होते आणि फुलताना दगडाचा पापुद्रा सोडवत होते. मंगळवारी बायजाबाई आली. तिने लव बोटावर घेतली, जिभेला लावली आणि तशीच बाहेर महिपतीकडे गेली.

"चिखल कंचा घातलास?"

तो म्हणाला, "खाडीचा."

"अरे, खाडीचा चिखल म्हंजे मीठच की रं! आत्ताच्या आत्ता साहेबाला सांग. काढाया लाव."

"सांगितला तं नोकरी जाईल आये. पोरं ल्हान हायत."

"आन् ती?" बायजाबाईने लेण्याकडे हात केला. "ती जाईल त्याचा काय?"

तो म्हणाला, "सांगतो." आज सांगतो, उद्या सांगतो, पुढच्या मंगळवारी सांगतो. शिमग्याच्या आधी एका सकाळी सवाशिणीचा चेहरा गळून पडला. खाली पिठासारखी भुकटी उरली. कपाळ नाही, डोळे नाहीत, ते हसू नाही.

मग चौकशी झाली. साहेबांनी माझ्या काठावर उभे राहून महिपतीला विचारले, "हा चिखल कोणी टाकला?"

वाडीतले लोक जमले होते. महिपतीने मान खाली घातली. मला वाटले, आता बोलेल. हा माझ्या पाण्यावर वाढलेला मुलगा आहे, आता खरे बोलेल.

तो म्हणाला, "गावातल्या बायकांनी, साहेब. त्या पयल्यापासून टाक्यात उतरतात. माझा डोळा चुकवून टाकला असंल."

"काय बोलतोस रे!" हमिदा पुढे झाली. "आमी कवा टाकला? अल्लाला तरी भी!"

बायजाबाईने तिचा हात धरला. "गप गो हमिदा." मग तिने साहेबांकडे पाहिले. मुलाकडे पाहिले नाही. "बाकीच्या बाया नव्हत्या. मी येकलीच व्हती. मीच टाकला."

साहेब वाईट माणूस नव्हते, म्हातारीवर खटला भरला नाही. पण चारचौघांत म्हणाले, "बाई, हजारो वर्षांचा ठेवा तुम्ही एका दिवसात घालवलात." आणि तिने ते ऐकून घेतले. त्यानंतर कुंपण उंच झाले, लेण्याच्या दाराला कुलूप लागले आणि वाडीतल्या बायकांना आत सोडू नये असा हुकूम निघाला. तो हुकूम पाळायला महिपतीच होता. मित्रांनो, कुंपणाने शेत खावे आणि वर शेताच्या मालकिणीला चोर म्हणावे, हे मी याच डोळ्यांनी पाहिले. खडकात कोरलेल्या माझ्या देहाला भेग पडली तेव्हा दुखले नव्हते. त्या दिवशी दुखले.

बायजाबाई पुन्हा वर आली नाही. हमिदा पुढे मुलाकडे दुबईला गेली.

आता मात्र माझे दिवस पालटले आहेत, असे म्हणतात. नव्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी गाळ चाळून चाळून काढला, पन्हळ मोकळी केली, चिखल खरवडला. भिंतीला ओल्या कागदाचा लगदा लावून, तो सुकला की काढून, पुन्हा लावून, दगडातले मीठ ओढून घेतले. काम मन लावून केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चेहरा परत आला नाही, तो येणारही नाही. जाताना बाई म्हणाल्या, "अशी टाकी गावाच्या हातांनीच टिकतात. दर वैशाखात गावाने पन्हळ साफ करावी, आमचा माणूस दाखवायला येईल."

महिपती दारोदार फिरला. एकही बाई हो म्हणेना. शेवटी तो आईसमोर उभा राहिला. हे मला त्याच्याच तोंडून कळले. माझ्या काठावर बसून तो लेणे पाहायला आलेल्या एका माणसाला सांगत होता.

"मी बोललो, आये, तू येक शब्द टाक, सगळ्या येतील. तं बोलली, टाका नासवला मी, सरकारी कागदात तसा लिवलाय. जिनी नासवला तिला कशाला बोलावता? बोलली, तू साहेबाला खरा सांगून ये, मंग मी काठी टेकत पयली येते."

"मग सांगितलंत?" त्या माणसाने विचारले.

महिपती उठून पन्हळीकडे गेला. दोन वर्षांनी त्याला निवृत्तिवेतन मिळायचे होते.

त्या वैशाखात माझी पन्हळ त्याने एकट्याने साफ केली. नीट जमले नाही. घामाघूम होऊन तो बसला आणि माझ्या पाण्यात हात बुडवून तोंड धुतले. पाणी मी त्याला दिले, टाक्याला नाही म्हणता येत नाही. पण माझे मन त्याच्यावरून उडाले ते उडालेच.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. जुन्या दगडांची काळजी घ्या, त्यांच्यावर नावे कोरू नका, बाटल्या टाकू नका, आणि मनाला येईल तो उपाय करण्याआधी जाणत्यांना विचारा. जाणत्यांनो, तुम्हीही एक करा. दगडाला कुंपण घालताना, तो आजवर ज्यांनी सांभाळला ती माणसे कुंपणाच्या कोणत्या बाजूला राहिली, ते वळून पाहा.

दगडाची साक्ष कोणत्याच चौकशीत घेत नाहीत, म्हणून मी हे तुम्हांला सांगितले. लेणे पाहायला आलात की घाईने परत फिरू नका. खाली वाडीत जा. बायजाबाई अजून आहे, तिला ऐकू कमी येते, जरा मोठ्याने बोलावे लागेल. सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिला सांगा, की चिखल तिने टाकला नव्हता, आणि हे टाक्याला ठाऊक आहे.