यादीतले पहिले नाव

लग्नपत्रिकेतल्या एका वेलांटीसाठी कळंबहून आपल्या बारामतीच्या छापखान्यात खेटे घालणारी माणसे ज्ञानेशला बघवत नसत. म्हणून त्याने गिऱ्हाइकांसाठी मोबाइलवर नावांच्या यादीचे ॲप बांधले. नावावर बोट ठेवावे, ते जागच्या जागी उघडावे, भोवती पातळ चौकट यावी आणि अक्षरे बदलता यावीत. हिरवी खूण दाबली की जुने आणि नवे नाव वरखाली दिसावे आणि एकदा विचारले जावे, बदलायचे ना? नाव काढून टाकायची सोय मात्र त्याने ठेवलीच नाही. नाव लिहिताना चूक होऊ शकते. माणूसच चूक ठरावा, हे त्याच्या मनाला पटत नव्हते.

पुढे थोरला भाऊ अजित याचे लग्न कळंबच्या मुलीशी ठरले. आईवडील लवकर गेल्यावर या दोघांना लोणी भापकरला वाढवले ते गोजरआत्याने. ऐन विशीत नवऱ्याने टाकलेली ती माहेरी आली आणि भाच्यांच्या डब्यांत, तापांत, परीक्षांत विरघळून गेली. आजवर कुठल्याही पत्रिकेवर तिचे नाव आले नव्हते. साखरपुड्यात अजित सगळ्यांदेखत म्हणाला होता, "निमंत्रकांत पयलं नाव आत्तीचं." त्या दिवसापासून ती ज्ञानेशकडून गुपचूप आपले नाव वाचायला शिकत होती.

पहिल्या ओळीत ते नाव ज्ञानेशनेच लिहिले. सौभाग्यवती लिहावे की श्रीमती, यापाशी तो बराच वेळ थांबला. मग नुसते गोजरबाई लिहून पुढे तिच्या वडिलांचे नाव लावले, गेणबा. पाहुण्यांची नावे तपासायला यादी अजितकडे पाठवली.

त्याने तपासलेली यादी तशीच छपाईला गेली आणि पत्रिका छापून निघाल्या. शाई अजून ओली होती. पहिल्या ओळीत होते : मा. मोहनराव, कारखान्याचे संचालक.

त्याने अजितला फोन लावला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता.

"दादा, आत्तीचं नाव कुठं गेलं?"

"आरं, खालच्या वळीत लिवाय गेलो, वरच्या वळीत उमटलं आसंल. तुझं ते ॲप लय नाजूक हाय बाबा, फुंकर मारली तरी उघडतंय."

"बदलायच्या आधी दोन्ही नावं समोर येतात, दादा. ते मीच बांधलंय."

ट्रॅक्टर बंद झाला.

"हे बघ ज्ञाना, पाव्हणं इचारत्यात, ही कोण, हिचा मालक कुठं असतो. कुणाकुणाला सांगत बसू? आन् आत्तीला कुठं वाचाय येतंय? तू गप ऱ्हा, म्हंजे झालं."

ज्ञानेश गप्प राहिला. ते त्याला आयुष्यभर जमत आले होते. कागदावर नाव खोडले तर खोडल्याची रेघ तरी उरते. त्याच्या यादीत तेवढेही उरले नव्हते. भावाला इतके स्वच्छ हत्यार त्यानेच घडवून दिले होते.

अजितने पत्रिकांचे गठ्ठे उचलून नेल्यावर ज्ञानेशने पहिल्या ओळीवर बोट ठेवले. चौकट उघडली. बदलायचे ना, असे यादीने त्यालाही विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने एकच पत्रिका छापली आणि शाई वाळायच्या आत लोणीला नेली.

आत्याने पदराला हात पुसले, पत्रिका उजेडात धरली आणि अक्षरांवरून बोट फिरवले.

"गो... ज... र..." बोट तिथेच थबकले. "हितं हाय की मी. पार वर."

"हो."

"समद्यांच्या पत्रिकेत हाय न्हवं रं?"

तिच्या बोटाला शाईचा बारीक डाग लागला होता. ज्ञानेश त्या डागाकडे पाहत राहिला.

"व्हय, आत्ती."

"मग शेजारच्या जयवंताच्या छकुलीकडनं वाचून घेते. मला म्हणायची, तुझं नाव कोण घालतंय."

पत्रिका छातीशी धरून ती उंबरा ओलांडून गेली. जयवंताच्या घरी अजितने सकाळीच पत्रिका दिली होती. हे ठाऊक असूनही ज्ञानेशच्या तोंडून तिला हाक निघाली नाही.