कुरड्यांशेजारी वाळलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे. जेवणाच्या डब्याएवढी, एकेकाळी पांढरी असलेली. हसू नका मित्रांनो, माझ्या पोटात एक दिवा आहे. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब औषधात मिसळून माझ्यात ठेवला, की मी त्यातून प्रकाश सोडते आणि या माणसाला सिकलसेल आहे की नाही ते सांगते. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाडं अशी ठणकतात की लेकरू रात्रभर कण्हतं. आमच्या विदर्भात पुष्कळ घरांना हे ठाऊक आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत झाला, लोकांनी भरलेल्या करातून. मला घडवणारी दीक्षा नागपुरातच, सक्करदऱ्याला राहते. तिचा धाकटा भाऊ अंकुश लहानपणी पाय दुखतात म्हणून रडायचा, तेव्हा घरच्यांना वाटायचं, शाळा बुडवायची नाटकं करतो. आजार कळेपर्यंत त्याच्या खुब्याचं हाड खराब झालं होतं. आजही तो लंगडत चालतो. म्हणून दीक्षाने मला बनवलं.

परदेशी यंत्रांना म्हणे थंडगार खोली लागते. मला मात्र दीक्षाने ऐन मे महिन्यात घराच्या गच्चीवर ठेवलं, उन्हात टिकते का ते पाहायला. शेजारी तिच्या आईने, इंदूबाईने, कुरड्या घातल्या होत्या.

“काहून वं दीक्षा,” इंदूबाई म्हणाली, “मशीनही वाळवून राहिली का?”

मला राग आला होता. पण नागपूरचं ऊन मी पचवलं. मला मान असती तर आजही ताठ झाली असती.

पुढे मी गावोगावच्या शाळांत फिरले. बोट पुढे करताना लेकरं डोळे घट्ट मिटायची. मग नवी पेटी आली, माझी बॅटरी गेली आणि मी प्रयोगशाळेच्या कपाटात गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

एके दिवशी कपाट उघडलं. आफ्रिकेतल्या झांबियाहून चांदा नावाची नर्स आली होती. तिच्या दवाखान्यात हाच आजार, अशीच लेकरं, आणि तपासायला यंत्र नाही. माझे आराखडे मिळाले, तर तिथले लोक स्वतः पेट्या बनवणार होते. पण एका कंपनीला ते आराखडे फक्त स्वतःसाठी हवे होते. प्रयोगशाळेच्या साहेबांनी निर्णय दीक्षावर सोडला. ती मला पुसायला म्हणून घरी घेऊन आली.

“माय, इतकी वर्षं मेहनत केली,” जेवताना ती म्हणाली. “सगळं उघडून देलं तं माह्यापाशी काय उरन?”

“आपला कुरड्यायचा सोऱ्या उन्हाळ्यात कधी घरी असते का?” इंदूबाई म्हणाली. “साऱ्या गल्लीत फिरते. वापस येते तं रिकामा येते का? आन हे मशीन तं साऱ्यायच्याच पैशानं बनली.” मग तिने अंकुशकडे पाहिलं. “मी अंकुशले उगाच रागावली वं. तिकडच्या मायनं तरी रागावू नये.”

अंकुश उठला, लंगडत आत गेला आणि त्याने माझे स्क्रू उघडायचा पेचकस आणून बहिणीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी चांदासमोर मला पूर्ण उघडलं. मी घाबरले होते. पुन्हा जोडलंच नाही तर? दीक्षाने एकेक भाग मोजला, काढून दाखवला आणि आराखडे सगळ्या देशांसाठी खुले केले. मला जोडून परत कपाटात ठेवलं.

या उन्हाळ्यात चांदाचा व्हिडिओ आला. पत्र्याच्या छपरावर एक नवीकोरी पेटी, शेजारी वाळत घातलेले रताळ्याचे काप. तिने एका छोट्या मुलीचा आजार वेळेत ओळखला होता. सोबत आराखडाही होता: उन्हावर चालणारी बॅटरी, त्यांनी स्वतः शोधलेली. दीक्षाने तशीच बनवून माझ्यात बसवली.

माझा दिवा लागला.

“पाह्य,” इंदूबाई डोळे पुसत म्हणाली, “रिकामा आला का सोऱ्या?”

मित्रांनो, मला जपायचं असेल तर कपाटात ठेवू नका. कोणी मागितलं तर उघडून दाखवा. उद्या मी पुन्हा शाळांच्या दौऱ्यावर निघते आहे. तुमच्या शाळेत आले, तर बोट तेवढं पुढे करा. डोळे मिटले तरी चालेल.