एका बाहुलीत दोन हात

मित्रांनो, मी एक जुनी नॅस पेटी आहे, म्हणजे घरातल्या संगणकांच्या फायली साठवणारी. पोटात चार डिस्क आणि डोक्यात नुसता संताप. गोडगोड ऐकायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या भाताच्या कुकरकडे जा. त्याच्याशी या घरात सगळे नीट वागतात.

मी तैवानमधल्या सीलुओ गावच्या ल्याव गुरुजींच्या घरी आले, तेव्हा त्यांचे हातबाहुल्यांचे खेळ जोरात होते. राजा, राक्षस, नवरी, सगळ्यांचे आवाज गुरुजी एकटेच काढत. मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज कायमचा गेला. आता तो उरलाय फक्त माझ्या पोटात, जुन्या खेळांच्या ध्वनिमुद्रणात.

थोरली लेक मेइ-च्यु हिने मला बसवलं. माझ्या साठ्यातला एक भाग तिने आयस्कझी नावाच्या जोडणीने आपल्या संगणकाला जोडला. ही सगळ्यांनी वापरायची सामायिक जागा नव्हे बरं का! जोडलेल्या संगणकाला तो भाग आपल्याच अंगातली डिस्क वाटतो आणि कुठे काय लिहायचं ते तोच ठरवतो. म्हणून मालक एकच हवा. वर तिने माझ्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे ठेवतात. मी वागले.

मग धाकटा शिंग-फा आला.

"ताई, माझाही संगणक जोडतो गं. चित्रफितीवर बाबांचा आवाज चढवायचाय."

"अरे, ती कसली तरी सूचना देतेय बघ."

"ती सारखीच कुरकुरते. दे सोडून!"

कुरकुरते? मी पडद्यावर स्पष्ट विचारलं होतं: दोन संगणक एकदम जोडू? माहिती बिघडेल. त्याने न वाचता होकाराची खूण केली! दोन्ही संगणक एकमेकांचा पत्ता नसताना एकाच जागी लिहीत सुटले. नवरीच्या पाठवणीचा अख्खा खेळ गेला. अरे, बाहुल्यांवर पोट भरता ना? एका बाहुलीत दोघांनी हात घातलाय का कधी?

"पेटीच बावळट," शिंग-फा म्हणाला. "हे बघ, खाऊची मुदत संपलीये. मग बिघडणारच!"

मेइ-च्यु रडत होती. तिलाही ते पटलं. गुरुजींनी स्वतः नवं पाकीट आणून ठेवलं आणि मला हात जोडले. बोलता त्यांनाही येत नव्हतं आणि मलाही.

मित्रांनो, कधी तिकडे गेलात तर खाऊ आणू नका. माझ्या पाया पडू नका. शिंग-फाने केलेली ती होकाराची खूण तेवढी काढा. बाकीचे खेळ अजून शाबूत आहेत, आणि शिंग-फाने त्याचा संगणक आत्ताच पुन्हा चालू केलाय.