दोनशे बारा पोती

नागलक्ष्मीने पोत्याची शिवण उसवली, ओंजळभर शेंगा नाकाशी नेल्या आणि झटकन मान मागे घेतली.

"सार, काय हे? कुबट वास मारतोय की!"

हनुमंतरावांनी तिच्या ओंजळीतल्या शेंगा घेतल्या. हुंगल्या. त्यांना कसलाच वास आला नाही. मग एक शेंग फोडली. दाण्यावर हिरवट बुरशी धरली होती. दुसरी फोडली, तिसरी फोडली. तेच.

"दुसरं पोतं काढा," ते म्हणाले.

डिसेंबर सरत आलेला, तमिळ मार्गळी महिना, भुईमूग पेरायचे दिवस. तंजावूर जिल्ह्यात ओरत्तनाडूजवळच्या शेतकरी संघाच्या या वखारीबाहेर शेतकरी आपापले बियाणे न्यायला जमले होते. उन्हाळ्यात काढणी झाली की निवडक शेंगा इथे आणून ठेवायच्या आणि पावसाळा उलटला की पेरणीला न्यायच्या, अशी इथली रीत. एकतीस वर्षे ही पोती हनुमंतराव राखत आले होते. नोकरीला लागले त्या वर्षी साठा अकराशे चाळीस पोत्यांचा होता. दर मे महिन्यात ते वखारीच्या भिंतीवर रंगाने नवा आकडा लिहीत. नऊशे. साडेसहाशे. मग माणसे नारळाकडे वळली, पोरे तिरुपूरला कामाला गेली आणि आकडा चारशेवर आला. यंदा दोनशे बारा. साठा आटत गेला, पण आत ठेवलेले पोते कधी नासले नाही. ओलावा मोजायचे यंत्र दुरुस्तीला गेले ते परत आलेच नाही, तरी कुणी विचारले नाही. हनुमंतरावांचे नाक होते ना! दारातून आत शिरताच कुठल्या थप्पीत दमटपणा आहे ते सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

ते नाक तीन वर्षांपूर्वीच्या तापात गेले होते. हे फक्त त्यांच्या बायकोला, सुप्रभाला, माहीत होते.

त्यांना लाज वाटली, भीतीही. तेव्हा सुप्रभानेच तोड काढली होती. दर शनिवारी प्रत्येक थप्पीतल्या मूठभर शेंगा पुरचुंड्यांत बांधून ते तंजावूरला, राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतल्या घरी आणायचे. ती स्वयंपाकघरात खाली बसून एकेक पुरचुंडी हुंगायची.

"हे बरं आहे. हेही बरं. ह्यांत कुबट येतंय बगा, सोमवारीच उन्हांत घाला." आणि हसून म्हणायची, "नांव तुमचं, नाक माझं!"

यंदाच्या आडी महिन्यात, जुलैच्या अखेरीस, एका सकाळी दारात कोलमची रांगोळी काढताना ती उंबऱ्यापाशीच कोसळली. रिक्षा येईपर्यंत सगळे संपले होते.

पुढच्या शनिवारी हनुमंतराव सवयीने पुरचुंड्या घेऊन घरी आले. स्वयंपाकघरात ओळीने मांडल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर पुरचुंड्या आणल्या नाहीत. ऐप्पसीचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस लागला, तो तीन आठवडे हटला नाही. ते रोज थप्प्यांमधून फिरायचे, हुंगायचे. वास येत नाही म्हणजे माल चांगला आहे, असे स्वतःला सांगत राहिले.

आता सगळी पोती बाहेर निघाली. संघाचा चिटणीस व्यंकटरमण धावत आला. तो त्यांच्याच गल्लीतला. त्यांना मामा म्हणायचा. प्रत्येक थप्पीतले शंभर दाणे त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी उलगडले, तर बहुतेकांत शंभरातले वीससुद्धा उगवले नव्हते. दोनशे बारांतली पेरण्याजोगी पोती निघाली अडतीस.

"मामा, ऐका माझं," व्यंकटरमण हळूच मराठीत म्हणाला. "पाऊस केवढा झाला हे सगळ्यांना माहीत आहे. छप्पर गळालं म्हणून सांगू. तुमच्या नांवाला बट्टा नक्को."

"छप्पर धड आहे," हनुमंतराव म्हणाले.

ते बाहेर आले. शेतकरी वडाखाली बसले होते. त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी तमिळमध्ये सांगितले, तापापासून शनिवारच्या पुरचुंड्यांपर्यंत सगळे. सुप्रभाचे नावही घेतले.



"तीन वर्षं आमचं बियाणं तुमच्या बायकोनं राखलं?" नागलक्ष्मीने विचारले.

"होय."

"आणि ती गेल्यावर तुम्ही गप्प बसलात." तिचे डोळे भरले. "सांगायचं की हो, सार! आम्ही एवढ्या बायका आहोत. कुणीही येऊन हुंगून दिलं असतं!"

इतकी साधी गोष्ट हनुमंतरावांच्या मनातसुद्धा आली नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवसापासून मोपेड घेऊन ते गावोगाव फिरू लागले. कुणाच्या माळ्यावर डबाभर, कुणाकडे अर्धे पोते, जिथे घरचे बियाणे उरले असेल तिथे हात जोडले. नऊ दिवसांत चौदा पोती जमली. ती आणि उरलेली अडतीस, एवढ्यावर निम्मीही शेते भागली नसती. कुणी उडीद टाकला, कुणी रान पडीक सोडले. पुढच्या मे महिन्यात साठा शंभराच्याही खाली जाणार, हे त्यांना दिसत होते.

शेवटचे पोते नागलक्ष्मीच्या वाट्याचे. ते घेऊन आले तेव्हा अंगणात बायका चटईवर बसून शेंगा फोडत होत्या. बियाण्याच्या शेंगा हातानेच फोडाव्या लागतात, दाण्याचे साल दुखवून चालत नाही. हनुमंतरावांनी पोते उतरवले, चपला काढल्या आणि चटईच्या कडेला बसून शेंगा फोडायला घेतल्या. कुणी नको म्हटले नाही. तासाभरात त्यांची बोटे सोलवटली.

ऊन कलले. नागलक्ष्मीच्या सासूला ऐकू कमी यायचे, झाल्या गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. ती मायेने म्हणाली, "पुरे आता अय्या. घरी वाट बघत असतील."

"घरी कोणी नाही," हनुमंतराव म्हणाले.

म्हातारीने नीट ऐकू यावे म्हणून कानामागे हात धरला. त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने सांगितले.

नागलक्ष्मीने आपल्या पुढ्यातल्या शेंगांचा अर्धा ढीग त्यांच्याकडे सरकवला.