नकाशावरची मोकळी जागा

मुलीचं पत्र आलं तेव्हा मी सायकलींच्या कामात होतो, म्हणून उत्तर राहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्या पत्रातलं एक वाक्य मला लागलं होतं. "मागची खोली रिकामी आहे, बाबा. पुस्तकं सगळी मावणार नाहीत, पण तुम्ही मावाल." फोनवर मी अडखळतो, म्हणून ती आपली पत्रच लिहिते. तिच्या मनात काही वाकडं नसणार. पण ते वाक्य वाचलं की मला मी एखाद्या कपाटासारखा वाटे, दारातून आत जाईल की नाही याची चर्चा चाललेला. पत्र शब्दकोशात ठेवलं आणि म्हटलं, समितीचं काम संपलं की सावकाश लिहू.

समिती सायकलींची होती. विद्यापीठाच्या आवारात जागोजागी सायकली ठेवायच्या, कुणीही एका ठिकाणी घ्यावी, दुसऱ्या ठिकाणी सोडावी, अशी योजना. तिथं निवृत्त ग्रंथपालाचं काय काम, हे मला पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं. कुलसचिव म्हणाले, "साहेब, तुम्ही जन्मभर वस्तू देऊन परत घेतल्यात. हा अनुभव आमच्यात कुणाला आहे?"

मला साहेब म्हणून कुणी हाक मारून बरीच वर्षं झाली होती. मी हो म्हटलं.

मी आवारातच राहत होतो. ज्यांचं स्वतःचं घर झालं नाही अशा निवृत्त लोकांसाठी बैठ्या घरांची एक ओळ होती. हयात असेपर्यंत राहू द्या, असं पूर्वीचे एक कुलगुरू तोंडी बोलून गेले होते आणि त्या बोलण्यावर आम्ही राहत होतो. शेजारच्या घरात मास्तर. ते खेळाचे शिक्षक होते. आता गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत.

"काय ग्रंथपाल, सायकल येते का तुम्हाला?"

"लहानपणी येत होती."

"मग झालं. पोहता न येणाऱ्यानंच विहिरीचा नकाशा काढावा."

मी काम मनावर घेतलं. वसतिगृहांपाशी बाकावर बसून मुलांची जा-ये पाहिली. वसतिगृहं टेकडीवर, वर्ग खाली. सकाळी सगळे उतरणार. वाचक पुस्तक फडताळातून काढतो आणि जिथून उठतो तिथंच टाकून जातो. ते जागेवर न्यायला पगारी माणूस लागतो, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. भर उन्हात चढावर सायकल कोण मारणार? पाणी उताराला जातं तशा सायकली खाली जाऊन साचणार. म्हणजे रोज कुणीतरी त्या टेम्पोत घालून वर न्यायला हव्यात, आणि त्यासाठी चढाच्या मध्यावर एक ऐसपैस जागा हवी. दुरुस्तीही तिथंच.

बैठकीत हे सांगताना मी दोनदा अडखळलो. पण समितीवर एक तरुण आर्किटेक्ट मुलगी होती, तिनं पेन खाली ठेवलं. "हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं," ती म्हणाली. मला बरं वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

"मग जागाही तुम्हीच सांगा," म्हणत कुलसचिवांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला.

नकाशा नवा, छान छापलेला होता. मी पेन्सिलीनं रस्ते धरून गेलो. मध्यावर तीन रस्ते एकत्र येत होते आणि त्यांना लागून एक लांबट, सपाट तुकडा कोरा होता. मी त्याभोवती गोल काढला.

"इथं. इथं काहीच नाही."

टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मला ते कौतुक वाटलं. मुलगी कुलसचिवांकडे पाहत होती, कुलसचिव चहाकडे. मग ते कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. सूचक, ग्रंथपालसाहेब. अनुमोदन माझं."

नकाशाची एक प्रत मला दिली होती. ती हातात धरून मी घराकडे चढ चढलो आणि नेहमी दम लागतो तिथं थांबलो. तिथं तीन रस्ते एकत्र येतात. एक वसतिगृहांकडे, एक प्रयोगशाळेकडे, एक खाली. समोर बैठ्या घरांची ओळ, दोरीवर मास्तरांचा टॉवेल. मी कागदाकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण थोडा वेळ मला कागदच खरा वाटला. छापलेल्यावर विश्वास ठेवायची सवय इतक्या सहज सुटत नाही.

मास्तर पायरीवर बसून गुडघ्यांना तेल लावत होते. मी सगळं सांगितलं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, मुद्दाम केलं. तुम्हाला मुद्दाम काही करताच येत नाही, हाच तर घोळ आहे."

"मी सांगतो त्यांना. नकाशा चुकलाय म्हणून."

"सांगा. पण जरा मोठ्यानं सांगा. तुमचं बोलणं तुमच्या गळपट्टीपलीकडे जात नाही."

पुढच्या बैठकीसाठी मी आरशासमोर उभा राहून वाक्यं पाठ केली. बैठकीत ती म्हणूनही दाखवली, बऱ्यापैकी मोठ्यानं. नकाशात चूक आहे. या जागेवर घरं आहेत. त्यातलं एक माझं आहे.

कुलसचिवांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. "बसा, साहेब. नकाशा चुकीचा नाही. पुढच्या वर्षीचा आहे."

रोग्याला सांगावं तसं ते हळू बोलत होते. घरं जुनी झालीत, आज ना उद्या पाडायचीच होती. "पण आम्ही म्हटलं असतं तर निवेदनं, वर्तमानपत्रं, नसता गोंधळ. तिथलाच एक जाणता माणूस म्हणतोय म्हटल्यावर..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. ते पुरं करायचं कामही माझ्याकडेच आलं.

"म्हणजे मला अनुभवासाठी नव्हतं बोलावलं."

"अहो, तेही होतंच की."

तेव्हा मी काय बोलायला हवं होतं, याची आता माझ्याजवळ बरीच चांगली उत्तरं आहेत. त्या वेळी मी विचारलं, "टेम्पोचं तरी होईल ना?"

"बघू," ते म्हणाले.

जिन्यात त्या आर्किटेक्ट मुलीनं मला गाठलं. "काका, मला माहीत होतं. मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे." तिचे डोळे भरले होते. मीच तिची समजूत काढली, असू दे बाळ, असू दे म्हणून. उतरताना मला कळेना की माझी समजूत कुणी काढायची.

नोटिसा आल्या. एकेक घर रिकामं होत गेलं. मास्तर पुतण्याकडे निघाले. ट्रंक गाडीत चढवून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"ग्रंथपाल, एक खरं सांगा. जागा खरंच चांगली आहे?"

मला खोटं सुचलं नाही. "सगळ्या आवारात इतकी सोयीची जागा दुसरी नाही."

"मग ठीक आहे. निदान राहिलो तरी चांगल्या जागी." ते गाडीत बसले आणि काच वर केली. निरोपाचा हात केला की काच पुसली, ते मला दिसलं नाही.

माझं घर ओळीत शेवटचं. बाकीची पाडली, जमीन सपाट केली आणि एक दिवस तिच्यावर पांढऱ्या पट्ट्या आखल्या. पट्ट्यांची रुंदी सायकलीला फार होती. मी आखणाऱ्याला विचारलं.

"मोटारींसाठी, आजोबा. सायकलींच्या जागेचं पुढच्या टप्प्यात, म्हणतात."

मी पुस्तकं द्यायला माझ्याच ग्रंथालयात गेलो. टेबलामागच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की देणगीची पुस्तकं सध्या घेत नाहीत, जागा नाही. मग रद्दीवाला आला. तो माणूस चांगला होता, कोश मोठा पाहून म्हणाला, "हा राहू द्या, तुमच्या कामाचा असेल." त्या कोशातच माझ्या मुलीचं पत्र होतं. तिनं त्यानंतर दुसरं लिहिलं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं. पहिल्या मसुद्यात सगळी हकीकत होती, कुलसचिव, नकाशा, मास्तर. तो फाडला. दुसऱ्यात माफी होती. ती वाचायला तिलाच अवघड गेली असती. तिसरा छोटा झाला. "पुस्तकांची आता अडचण नाही. खोली अजून रिकामी असेल तर कळव. मी मावेन असं वाटतं."

टपालाची पेटी खाली, मुख्य फाटकाशी आहे. तिथं पोचलो तर पेटी दिसेना. मधल्या काळात योजनेचं उद्घाटन झालं होतं, आणि आवारातल्या सगळ्या सायकली उतरून तिथं येऊन साचल्या होत्या. एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, काही आडव्या, काहींच्या साखळ्या लोंबत होत्या. वर न्यायला कुणी नव्हतं. मी म्हटलं होतं तसंच, अगदी अक्षरशः. क्षणभर मला आनंद झाला. मग इकडे तिकडे पाहिलं, तर सांगायला ओळखीचं कुणी नव्हतं.

मी एकेक हँडल बाजूला करत आत शिरलो. एक सायकल पडली, ती उभी करून ठेवली. हात पेटीपर्यंत पोचला तेव्हा पाकीट जरा चुरगळलं होतं. ते मांडीवर सरळ केलं आणि आत टाकलं.